न झालेल्या लकव्याचं श्रेय

वरठीचे फिटरकाका यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगत, पण नुसत्या कानावर भरवसा ठेवून त्यांनी कधी पाना उचलला नाही. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं कॉम्प्रेसर आणि तेलदाबाच्या लाइनींवर गेली. एखादा शिकाऊ पोरगा पाइपाला हात लावून म्हणायचा, "काका, प्रेशर बरोबर वाटून रायलं." काका त्याचा हात बाजूला सारायचे आणि गेजच्या काचेवर बोट टेकवायचे. "वाटून नको सांगू मले. काटा कुठं हाये, थे सांग."

निवृत्तीनंतर त्यांची सकाळ भंडारा रोड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जायची. स्टेशनाचं नाव भंडारा रोड असलं तरी ते उभं आहे वरठीत. भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर. टपरीवर रोज येणाऱ्यांत रेल्वेतले एक निवृत्त पॉइंट्समन होते. त्यांना सगळे पॉइंटमनभाऊ म्हणत. शेजारी पानठेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता तिथला पानवाला गावातल्या प्रत्येक विषयावर आपलं मत देऊन टाकायचा.

एका हिवाळ्यात काकांच्या गल्लीतल्या मास्तरांना लकवा झाला. सकाळी तोंड धुताना ब्रश हातातून गळाला, ओठ एका बाजूला ओढला गेला, शब्द जड झाले. घरच्यांनी आधी मोहरीच्या तेलानं हात चोळला. मग कोणीतरी कबुतर आणायला धावलं, कारण कबुतराचं गरम रक्त चोळलं की लकवा उतरतो असं त्यांनी ऐकलं होतं. अशात दुपार गेली, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "सुरू कधी झालं?" उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. मेंदूच्या वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद पडली की दर मिनिटाला 19 लाखांच्या आसपास चेतापेशी मरतात. मास्तर वाचले, पण उजवा हात आणि बोलणं गेलं.

त्यांना बघून आलेले काका त्या रात्री कूस बदलत राहिले. "मराले भेत नाही मी," ते काकूंना म्हणाले. "पण दुसऱ्याच्या हातानं घास खाणं माह्याच्यानं होणार नाही."

भ्यालेल्या माणसाला औषध शोधावं लागत नाही, औषधच त्याचा पत्ता काढत येतं. पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ब्राह्मी, अश्वगंधा, हळद आधीपासून पोटात असली तर लकवा आला तरी मेंदूला इजा होत नाही, शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय, असं त्यातला माणूस छातीठोकपणे सांगत होता. काकांनी तो तीनदा पाहिला आणि मोहाडीकडच्या एका जाणत्या बाबांचं घर गाठलं.

बाबांना झाडपाला कळायचा. तळ्याच्या पाळीवरची ब्राह्मी, नाल्याकाठच्या अर्जुनाची साल, पडीक रानातली शंखपुष्पी ते स्वतः हिंडून आणत. बाजारातली ब्राह्मी ते घेत नसत, कारण त्या एकाच नावानं दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि वाळून भुकटी झाल्यावर कोणती कोणती ते सांगता येत नाही. पैसे मागत नसत. देणारा देईल ते घेत. त्यांनी काकांना चूर्ण करून दिलं: ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, थोडी हळद, आणि कडूपणा मारायला चिमूटभर ज्येष्ठमध.

"यानं झोप लागंल, डोकं शांत राहील," बाबा म्हणाले. "लकव्याचं मात्र माह्यानं सांगणं होत नाही, बाप्पा. माह्या बापानं मले तेवढं शिकवलं नाही."

काकांनी पहिलं वाक्य गाठीला बांधलं. दुसरं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

झोप खरोखर लागू लागली. सकाळी हलकं वाटू लागलं. काका सकाळ-संध्याकाळ चमचाभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घेत, आणि वर खर्ऱ्याची पुडी उघडत.

काकांची सूनबाई गावातली आशा सेविका. 2017 च्या नोव्हेंबरात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम देशातल्या पाच राज्यांत, पहिल्या 25 जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा असे चार जिल्हे होते. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या मोठ्या माणसांचा बीपी मोजायचा, वाढलेला निघाला तर त्याचं कार्ड करायचं, महिनाभराच्या गोळ्या फुकट द्यायच्या, आणि जो परत आला नाही त्याला घरी जाऊन आणायचं. काम एवढंच, पण दारोदार फिरून करायचं. सूनबाईनं दुसऱ्यांच्या सासऱ्यांना कितीदा तरी दवाखान्यात नेलं होतं. स्वतःचा सासरा तेवढा हाती लागत नव्हता.

एकदा जेवणापूर्वी तिनं त्यांना बसवलंच. 168 वर 102. दोन दिवसांनी पुन्हा मोजला. फरक नव्हता.

"मामाजी, 140 वर 90 च्या आत पाहिजे. तुमचा लय वर हाये."

"पण मले काही होत नाही ना, सूनबाई. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही."

"याच्यात काही होतच नाही मामाजी. होते तवा एकदमच होते."

काकांनी तिचं मन राखलं. उपकेंद्रात जाऊन कार्ड केलं, अम्लोडिपिनच्या गोळ्या आणल्या, आठवडाभर घेतल्या आणि पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं. "गोळी खाल्ली तरी तसाच, नाही खाल्ली तरी तसाच. मंग खावाची कायले? आन् एकदा लागली का जल्मभर सुटत नाही." चूर्णाचं तसं नव्हतं. चूर्ण घेतल्यावर काहीतरी वाटायचं. ज्याचं काही वाटत नाही ते खोटं आणि ज्याचं वाटतं ते खरं, असा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला. पाइपाला हात लावणाऱ्या पोराला त्यांनी जे कधी करू दिलं नाही, तेच ते आता स्वतःच्या शरीराशी करत होते. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. काकांना लकवा झाला नाही.

ही बातमी टपरीवर फुटली ती काकांच्याच तोंडून. "तीन सालं झाली चूर्ण घेऊन रायलो. मास्तराच्या वयाचाच हाओ मी. हाये का मले काही?"

पॉइंटमनभाऊंचाही बीपी त्याच सुमारास वाढलेला निघाला होता. ते रेल्वेच्या शिस्तीतले. गोळी रोज, कार्ड महिन्याला, लोणचं-पापड बंद. ते म्हणाले, "मी गोळी घेतो. मलेही काही झालं नाही."

"तुमची गोळी फुकटची, माहं चूर्ण घरचं," काका म्हणाले. "फळ सारखंच."

पानवाल्यानं कात्री खाली ठेवली. "मी थे बी घेत नाही, हे बी घेत नाही. दिवसाले दहा खर्रे खातो. मले कुठं काय झालं?"

सगळे हसले. तिघांपैकी कोणालाच काही झालं नव्हतं, आणि तिघांनाही आपापलं बरोबर वाटत होतं. टपरीवर बसलेल्यांपैकी कोणाच्याही डोक्यात हा पेच शिरला नाही. एखादी गोष्ट घडली की तिचं कारण शोधता येतं. घडलीच नाही तर ती कशामुळे घडली नाही हे हात दाखवून सांगणार कोण? त्या रिकाम्या जागी ज्याला जे आवडतं ते तो आणून बसवतो.

काकांनी चूर्ण बसवलं. लोक पुड्या मागू लागले. बाबा वयानं थकले होते, त्यांचं रानात जाणं बंद झालं होतं. तेव्हा काका भंडाऱ्याच्या बाजारातून जडीबुटी आणून घरीच कुटायला लागले. नातवंडांना कडू नको म्हणून ज्येष्ठमध वाढवलं. खर्ऱ्यानं घसा धरायचा, ज्येष्ठमधानं मोकळा व्हायचा, म्हणून आणखी वाढवलं. बाबांची चिमूट काकांच्या खलबत्त्यात अर्ध्यावर आली. दोन चमच्यांचे चार झाले. पाय सुजायला लागले, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढताना मांड्या गळून जायला लागल्या. काका म्हणत, वय झालं.

पावसाळ्यातली एक सकाळ. विदर्भ एक्स्प्रेस येऊन गेली होती, टपरीवर गर्दी होती. काका पुडीचं महत्त्व कोणालातरी सांगत असताना त्यांच्या हातातला कप खाली पडला. हात उचलायला गेले तर उचलेना. "भाऊ" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते कोणालाच कळलं नाही. पॉइंटमनभाऊंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठाचा डावा कोपरा खाली लोंबत होता.

दहाएक मिनिटं तसं राहिलं. मग हात हलला, तोंड सरळ झालं, शब्द परत आले. काकांनी बोटं मिटून-उघडून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती भीती नव्हती.

"पाह्यलं का?" ते म्हणाले. "लकवा येऊन रायला होता. चूर्णानं वापस धाडला!"

टपरीवर माना डोलल्या. पानवालाही क्षणभर गप्प झाला. दोघांनी तिथल्या तिथं पुडीची मागणी नोंदवली. पॉइंटमनभाऊ तेवढे बाजूला गेले आणि त्यांनी सूनबाईला फोन लावला.

ती पंधरा मिनिटांत आली, खांद्याला पिशवी तशीच. "मामाजी, चला. 108 ले फोन केला मी."

"कशाले? बरा हाओ ना मी. पाह्य, हात हलते. बोलतो बी."

"मामाजी, असं येऊन गेलं तर पुढचे दोन दिवस सगळ्यात वाईट राहतात. खरा लकवा तवाच येते."

"मले एकदम बरं वाटून रायलं, सूनबाई."

सूनबाईनं पिशवीतून बीपीचं मशीन काढलं, पट्टा सासऱ्याच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. सगळी टपरी पाहत होती. आकडे थांबले तेव्हा तिनं मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. 196 वर 112.

"वाटून नका सांगू मले, मामाजी," ती म्हणाली. "काटा कुठं हाये, थे सांगा."

हे वाक्य तिनं लग्न होऊन या घरात आल्यापासून जेवताना, पाहुण्यांत, नातवंडांना रागावताना शेकडो वेळा ऐकलं होतं. काकांनी आकडा वाचला. मग एकही शब्द न बोलता ते उठले आणि रुग्णवाहिकेत जाऊन बसले.

डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूत कायमची इजा दिसली नाही. गुठळी आली होती आणि आपोआप विरघळून वाहिनी मोकळी झाली होती. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली, बीपीची सुरू केली आणि काही दिवस नजरेखाली ठेवलं. घरी सोडताना म्हणाले, "नशीबवान आहात. तुमच्या शरीरानं सूचना दिली. बहुतेकांना ती मिळत नाही."

घरी आल्यावर सूनबाई त्यांना उपकेंद्रातल्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम आयुर्वेदाच्या पदवीधर. आपल्या राज्यात उपकेंद्रांवर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आयुर्वेदाचे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांनी कार्ड पाहण्याआधी चूर्णाचा डबा मागितला. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि विचारलं, "एवढं गोड कसं?"

काकांनी प्रमाण सांगितलं.

"ज्येष्ठमध अर्धं? रोज चार चमचे? किती महिन्यांपासून?" त्यांनी डबा बंद केला. "काका, ज्येष्ठमधातला एक पदार्थ शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. त्यानं बीपी वाढतो, पाय सुजतात, स्नायूंत गोळे येतात, मांड्या गळतात. घशाला चार दिवस घेणं वेगळं. तुम्ही लकवा टाळायला म्हणून बीपी वाढवणारं औषध खात होता. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ही एवढी हळदही भुकटी करून घ्यायची नाही. भाजीत पडते तेवढी पुरे."

काकांना राग आला. "तुमी आयुर्वेदवाल्या ना? मंग झाडाले दोष देता?"

दाराशी बाबा उभे होते. काकांची बातमी ऐकून ते नातवाच्या मोटारसायकलवर आले होते. ते हळूच आत येऊन खुर्चीवर बसले. "झाडाले कोणी दोष नाही देऊन रायलं," ते म्हणाले. "लाखोळी आपल्याच वावरातली. धान निघाल्यावर आपणच पेरतो. दुष्काळात लोकांनी महिनोन्महिने नुसती तीच खाल्ली तर पायाचे लुळे झाले. सरकारनं 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. थे बी झाडच. कमी खाल्लं तर डाळ, अती खाल्लं तर लकव्यासारखंच. मी तुले चिमूट सांगतली होती, बाप्पा."

काका जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण त्या मोबाइलवाल्यानं सांगतलं का सिद्ध झालं म्हणून."

"कोणावर सिद्ध झालं?" मॅडमनी विचारलं. "उंदरांवर. तो प्रयोग कसा करतात ऐका. उंदराला काही दिवस ब्राह्मी नाहीतर हळदीचा अर्क देतात. मग मानेतल्या वाहिनीतून बारीक धागा आत सारून मेंदूचा रक्तपुरवठा बंद करतात, ठरलेल्या वेळानं धागा काढतात आणि मेंदू किती मेला ते मोजतात. अर्क दिलेल्या उंदरांचा कमी मेला, असं पुष्कळदा दिसलंय. खोटं नाही ते. पण तो उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, खर्रा खात नाही, आणि लकवा कोणत्या मिनिटाला येणार हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय त्याच्या वजनाच्या मानानं त्याला दिलेली मात्रा तुमच्या चमच्यात मावणार नाही, आणि हळदीतला गुणाचा भाग आपल्या आतड्यातून रक्तात फार थोडा उतरतो. मेंदूचं नुकसान रोखण्यासाठी प्रयोगशाळांत किती उपाय करून पाहिले असतील? 2006 साली कोणीतरी मोजले तर 1,026 निघाले. प्राण्यांवर गुण दाखवणारे त्यात पुष्कळ होते. माणसांवर आले की एकामागून एक पडले. लकवा आल्यावर आज हाती असलेला खरा उपाय म्हणजे वाहिनी वेळेत उघडणं. आणि येण्याआधीचा सगळ्यात मोठा उपाय बीपी खाली ठेवणं."

"म्हणजे झाडपाल्यात दम नाही," काका म्हणाले. आवाजात हार होती.

"असं मी म्हटलंच नाही. सर्पगंधा माहीत आहे ना, बाबा?"

बाबांचे डोळे चमकले. "नाही कशी? माह्या आज्यापासून."

"सर्पगंधेनं बीपी उतरतो हे आपल्याकडे जाणत्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या डॉक्टर रुस्तुम जाल वकिलांनी ती बीपीच्या रुग्णांना दिली, आधी-नंतरचा बीपी मोजून लिहून ठेवला आणि 1949 साली ते इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं. जगानं वाचलं. तीन वर्षांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं जगभर ती बीपीची गोळी म्हणून दिली जात होती. मोठ्या मात्रेनं माणसाचं मन खचतं हेही मोजताना कळलं, म्हणून मग तिच्याहून चांगल्या गोळ्या आल्यावर ती मागे पडली. झाडाला मान मिळाला तो मोजल्यामुळे. न मोजता दिली असती तर आजही ती कोणाच्यातरी पुडीत पडून राहिली असती."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी चिमटीनं दिलं. कोणाले किती गुण आला थे कधी लिहून नाही ठेवलं. बरा झाला तो सांगत आला, नाही झाला तो आलाच नाही."

काकांच्या मनातला फिटर आता जागा झाला होता. त्यांनी एक अवघड प्रश्न काढला. "मॅडम, आता मी गोळी घेतो. समजा पाच सालं मले लकवा नाही आला. तो गोळीनंच नाही आला हे मले कसं समजावं? चूर्णाच्या वक्ताले बी तीन सालं नव्हताच आला."

मॅडम हसल्या. हा प्रश्न त्यांना कोणी सहसा विचारत नसे. "तुमच्या एकट्यावरून कधीच समजणार नाही. त्यासाठी हजारो माणसं लागतात. अमेरिकेत साठीपुढच्या 4,736 माणसांवर असा प्रयोग झाला. वरचा बीपी वाढलेली माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकांना बीपीची गोळी, दुसऱ्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणाला कोणती ते त्यांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. साडेचार वर्षांच्या आसपास नजर ठेवली. 1991 साली निकाल लागला: खऱ्या गोळीवाल्यांत लकवा 36 टक्क्यांनी कमी. झाडाचीही अशीच परीक्षा होते. गिंको नावाच्या झाडाचा अर्क मेंदूसाठी फार नावाजलेला. तीन हजारांहून जास्त म्हाताऱ्या माणसांना सहाएक वर्षं देऊन पाहिला. विसराळूपणाचा आजार खरा अर्क घेणाऱ्यांत कमी झाला नाही. 2008 ची गोष्ट. गोळी असो नाहीतर पाला, परीक्षा एकच."

"म्हणजे गोळी खरी का खोटी हे हजार माणसांवरून कळंल."

"हो."

"आन् ती माह्यात काम करून रायली का नाही?"

"ते तुमच्या आकड्यावरून."

काकांनी मान डोलावली. एवढी भाषा त्यांना उभ्या जन्मात कोणी शिकवायला नको होती.

त्यांनी चूर्णाचा डबा स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकामा केला. खर्रा सोडायला मात्र त्यांना दोन महिने लागले आणि तेवढ्यात घरात दोनदा भांडण झालं. लोणच्याची बरणी काकूंनी माहेरी पाठवली. कार्डावर महिन्यागणिक आकडे उतरत गेले: 196 चे 158 झाले, 158 चे 144, मग 134 वर 84. पाय उतरले, पोटऱ्यांतले गोळे थांबले. गोळी घेतल्यावर त्यांना आजही काही वाटत नाही. त्यांनी आता वाटण्याची वाट पाहणं सोडलं आहे.

बाबांनीही एक नियम केला. झोपेसाठी, पचनासाठी ते अजून काढे सांगतात, पण चाळिशीपुढचा माणूस आला की आधी विचारतात, "कार्ड आणलं का?" नसलं तर हात रिकामा ठेवून त्याला उपकेंद्रात धाडतात. कोणी गोळी बंद करून चूर्ण मागितलं तर ते देत नाहीत. नातवाकडून एक वही करून घेतली आहे. त्यात कोणाला काय दिलं ते आहे आणि जो परत आला नाही त्याच्या नावापुढे फुली आहे. महिन्याच्या शेवटी नातू त्या फुलीवाल्यांकडे जाऊन येतो.

टपरीवर लोक अजून पुड्या मागतात. काका सांगतात, बंद केल्या. एका सकाळी सूनबाई मशीन घेऊन टपरीवरच बसली. पॉइंटमनभाऊंचा 128 वर 80 निघाला. चहावाल्याचा बरोबर. पानवाला हात पुढे करायला तयार नव्हता. "मले काहीच होत नाही, तर मोजू कायले?"

"काहीच होत नाही म्हणूनच," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतः त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. 178 वर 104.

पानवाला आकड्याकडे आणि काकांकडे आळीपाळीनं बघत राहिला. "पण वाटून तर नाही रायलं काही."

काका त्याच्यावर रागावले नाहीत. तो बोलत होता ते त्यांचंच जुनं बोलणं होतं. ते त्याला हाताला धरून उपकेंद्रात घेऊन गेले आणि कार्ड होईपर्यंत तिथंच बसले.

बोध: टळलेलं संकट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचं श्रेय पुडी, ताईत आणि नशीब यांपैकी कोणीही खुशाल घेऊन जातं. जो संकट टाळू पाहतो त्यानं "बरं वाटतं" याला साक्षीदार करू नये. औषध पानाचं असो की कारखान्याचं, ते मोजून घ्यावं आणि त्याचा गुणही मोजून पाहावा. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, शब्द अडखळला तर ते थांबलं तरी थांबू नये. त्याच क्षणी दवाखान्याची वाट धरावी.